शेंड्याचं काय झालं? फुलोऱ्याची मांडणी, सोप्या भाषेत

निशिगंधाचा एक दांडा आणि मोगऱ्याची एक फांदी शेजारी शेजारी ठेवून पाहा. निशिगंधाचं उमललेलं फूल सगळ्यांत खाली असतं. त्याच्या वर टपोऱ्या कळ्या, आणखी वर बारीक हिरवट कळ्या आणि टोकाला नुसता निमुळता शेंडा. मोगऱ्याच्या फांदीच्या टोकाला मात्र बहुतेक वेळा तीन कळ्या एकत्र दिसतात. त्यातली मधली, म्हणजे थेट टोकावरची, आधी उमलते आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या दोघी मागून येतात. एकीकडे टोकाची कळी सर्वांत धाकटी, दुसरीकडे टोकाचीच सर्वांत थोरली.

दांड्यावर फुलं कशी बसली आहेत याला आपण फुलोरा म्हणतो, वनस्पतिशास्त्राच्या मराठी पुस्तकांत त्यालाच पुष्पबंध म्हणतात. हा विषय शाळा-कॉलेजात नावांची जंत्री म्हणून शिकवला जातो आणि परीक्षेनंतर आठवड्याभरात विसरला जातो. नावं दुय्यम आहेत. कोणताही फुलोरा समोर आला की एकच प्रश्न विचारायचा: शेंड्याचं काय झालं? तो वाढत राहिला, की स्वतःच फूल होऊन संपला?

प्रश्न इतका महत्त्वाचा का, तर प्रत्येक फांदीच्या टोकाला वाढणाऱ्या पेशींचा एक ठिपका असतो, टाचणीच्या डोक्याहूनही लहान. तोच पानं तयार करतो, खोड लांबवतो आणि वेळ आली की कळ्या घडवतो. पण फूल होणं हा एकेरी रस्ता आहे. ठिपक्याचं एकदा फूल झालं, की पाकळ्या, पुंकेसर, किंजपुट बनवण्यात तो खर्ची पडतो आणि तिथून पुढे खोड वाढत नाही. त्यामुळे झाडापुढे दोनच पर्याय उरतात. शेंडा राखून ठेवायचा आणि फुलं बाजूला काढायची, किंवा शेंड्याचंच फूल करायचं आणि पुढची वाढ बाजूच्या डोळ्यांवर, म्हणजे पानांच्या बेचक्यातल्या कोंबांवर, सोपवायची.

पहिल्या पद्धतीला अकुंठित आणि दुसरीला कुंठित फुलोरा म्हणतात. कुंठणं म्हणजे अडणं, खुंटणं. शब्दातच अर्थ आहे.

अकुंठित: शेंडा पुढे, फुलं मागे

निशिगंध, ग्लॅडिओलस, आबोली, आघाडा, बहावा, मुळा, मोहरी हे सगळे अकुंठित. शेंडा पुढे जातो आणि जाता जाता बाजूला कळ्या सोडत जातो. जी कळी आधी सोडली ती बुंध्याकडे राहते आणि आधी उमलते.

इथे बहावा हमखास फसवतो. त्याचे पिवळे घोस पाहिले तर फुलं वरून खाली उमलत येतात, टोकाच्या कळ्या सर्वांत खाली मिटलेल्या असतात. म्हणून तो उलट्या पद्धतीचा ठरत नाही. घोस लोंबता आहे, त्यामुळे त्याचा बुंधा वर आणि शेंडा खाली आहे. वर-खाली असं न मोजता दांडा फांदीला जिथे चिकटला आहे तिथून मोजायचं.

हे कळलं की फुलदाणीतल्या दांड्याचं गणितही सुटतं. निशिगंधाचा दांडा खालची एक-दोन फुलं उमलताच कापतात आणि ग्लॅडिओलसचा तर खालच्या एक-दोन कळ्यांना नुसता रंग दिसला की. बाकीच्या कळ्या पाण्यात क्रमाने उघडतात. पण टोकाच्या चार-पाच कळ्या बऱ्याचदा उघडतच नाहीत आणि दोष फुलवाल्याला दिला जातो. खरं कारण असं की त्या सर्वांत धाकट्या आहेत, कापतेवेळी त्यांच्यात साठा नव्हता आणि आता पानांकडून अन्न मिळणं बंद झालं आहे. वरच्या आणखी काही कळ्या फुलवायच्या असतील तर लिटरभर पाण्यात दोन-तीन चमचे साखर घालावी. मात्र साखरेवर जिवाणू वाढून देठाचं तोंड बुजतं, म्हणून पाणी रोज बदलावं, देठाचं टोक अर्धा इंच तिरकं कापावं आणि खालची सुकलेली फुलं खुडावीत. ग्लॅडिओलसचे दांडे आडवे ठेवू नयेत. शेंडा अजून वाढतो आहे, त्यामुळे आडव्या दांड्याचं टोक काही तासांत आभाळाकडे वळतं आणि ती वाकडी मान पुन्हा सरळ होत नाही.

आबोलीची तोडणी एक दिवसाआड का होते, याचंही उत्तर इथेच आहे. हिरव्या छदांनी मढलेलं एकच कणीस दोन-तीन आठवडे थोडी थोडी फुलं देत राहतं. छद म्हणजे फुलाच्या बुडाशी असलेलं छोटं पान. आज उमललेली फुलं वळेसरात जातात, वरची परवासाठी राहतात. घाईने कणीसच खुडलं तर पुढच्या दहा-बारा दिवसांची फुलं गेली.

दोन मापं आणि त्यातून निघणारे आकार

अकुंठित फुलोऱ्याचे प्रकार पाठ करायची गरज नाही. मधल्या दांड्याची लांबी आणि प्रत्येक फुलाच्या देठाची लांबी, ही दोन मापं कमी-जास्त करत गेलं की सगळे आकार आपोआप मिळतात.

दोन्ही लांब ठेवली की मंजरी: बहावा, मुळा. देठ जवळजवळ शून्यावर आणला, फुलं दांड्याला चिकटून बसली की कणिश: आघाडा, आबोली. खालच्या फुलांचे देठ लांब आणि वरच्यांचे आखूड केले, की सगळी फुलं एका पातळीवर येतात आणि माथा सपाट दिसतो, हा गुलुच्छ. मोहरीच्या रोपाला वरून पाहिलं तर गुलुच्छ दिसतो आणि बाजूने पाहिलं तर त्याखाली शेंगांची लांब मंजरी, कारण फुलं गळेपर्यंत मधला दांडा लांबत जातो. एकाच झाडावर एकाच वेळी दोन नावं. नावांवर फार विसंबू नये ते याचसाठी.

आता मधला दांडा शून्यावर आणा आणि देठ लांब ठेवा. सगळे देठ एकाच बिंदूतून छत्रीच्या काड्यांसारखे निघतील. हा चामरकल्प: कोथिंबीर, शेपू, बडीशेप, ओवा, जिरं, गाजर. या मंडळींत तर छत्रीच्या प्रत्येक काडीच्या टोकाला आणखी एक छोटी छत्री असते. छत्री असल्याने खालून वर हा क्रम बाहेरून आत असा होतो, म्हणजे कडेची फुलं आधी. धन्याची मुख्य छत्री आधी पिकते, बाजूच्या फांद्यांवरच्या मागून. सगळं पीक पिवळं पडायची वाट पाहिली तर पहिल्या छत्रीचे टपोरे धने जमिनीवर सांडतात.

शेवटी दोन्ही मापं शून्यावर आणा. फुलांना देठ नाही, त्यांना वाहणारा दांडाही नाही, फक्त एक पसरट थाळी आणि तिच्यावर दाटीवाटीने बसलेली फुलं. हा स्तबक. सूर्यफूल, झेंडू, शेवंती, झिनिया सगळे इथले. बाभळीचा पिवळा गोंडा आणि कदंबाचा चेंडू यांतही देठ नसलेली फुलं अशीच गोळा झालेली असतात.

सूर्यफुलापाशी थोडं थांबायला हवं, कारण ते फूलच नाही. कडेच्या पिवळ्या ‘पाकळ्या’ ही एकेक वांझ फुलं आहेत, त्यांना किरणपुष्पकं म्हणतात. त्यांचं काम कीटकांना बोलावणं. मधल्या तबकडीवर हजाराच्या घरात बिंबपुष्पकं असतात आणि प्रत्येकाच्या बुडाशी एक बी धरते. त्यांच्या तिरक्या रांगा मोजल्या तर एका दिशेने बहुधा ३४ आणि दुसऱ्या दिशेने ५५ भरतात. मोठ्या तबकडीत ५५ आणि ८९.

फुलण्याचा क्रम बाहेरून आत. रोज कडेकडून काही रांगा उमलतात आणि पूर्ण तबकडी फुलायला पाच ते दहा दिवस लागतात. प्रत्येक पुष्पक पहिल्या दिवशी पराग बाहेर काढतं आणि दुसऱ्या दिवशी त्याची कुक्षी, म्हणजे पराग झेलणारं टोक, दोन फाट्यांनी उघडते. भिंग असेल तर एकाच तबकडीवर तीन वलयं स्पष्ट दिसतात: बाहेर कुक्षी उघडलेल्यांचं, त्याच्या आत परागांचं तपकिरी कडं आणि मध्ये मिटलेल्या हिरव्या कळ्या.

शेतकऱ्याची नेहमीची तक्रार म्हणजे ‘मधलं बी पोचट राहिलं’. मध्यभाग सर्वांत धाकटा. तो फुलतो तेव्हा बाहेरच्या शेकडो बिया आधीच अन्न ओढायला लागलेल्या असतात. त्यात पाण्याचा ताण पडला, बोरॉन कमी पडलं किंवा मधमाश्या फिरकल्या नाहीत, की मार बसतो तो मधल्यांना. म्हणून फुलोऱ्यात पाण्याची पाळी चुकवायची नाही. किरणपुष्पकं उघडू लागली की लिटरला २ ग्रॅम बोरॅक्सची फवारणी करायची. मधमाश्या कमी असतील तर सकाळी ७ ते ११ या वेळात हाताला तलम कापड गुंडाळून तबकडीवरून हलकेच फिरवायचं, तेही एक दिवसाआड, पुन्हा पुन्हा. एकदाच हात फिरवून उपयोग नाही, कारण त्या दिवशी एकच वलय तयार असतं. याच काळात कीटकनाशक मारणं म्हणजे आपल्याच मजुरांना घालवून देणं.

झेंडूची ‘पाकळी’ उपटली तर तिच्या बुडाशी काळी-पांढरी बारीक काडी हाती येते. ती काडी म्हणजे त्या एका फुलाचं किंजपुट, पुढे तेच बी. दसऱ्याच्या तोरणातले सुके गोंडे कुस्करून वाफ्यात टाकले की रोपं येतात ती या काड्यांतून.

शेवंतीत एक खोच आहे. एका स्तबकात क्रम बाहेरून आत, पण फांदीवरच्या अनेक स्तबकांमध्ये टोकाचा स्तबक आधी उमलतो आणि खालचे मागून, म्हणजे अगदी उलटं. व्यापारी फुलशेतीत याचा रोज वापर होतो. एकच मोठं फूल हवं तर टोकाची कळी ठेवून बाजूच्या सगळ्या कळ्या वाटाण्याएवढ्या होण्याआधी काढतात. झुपका हवा असेल तर याच्या उलट, टोकाची कळी काढतात. नाही तर ती एकटी आधी फुलून कोमेजते आणि बाजूच्या फुलेपर्यंत झुपक्याच्या मध्यभागी एक तपकिरी डाग राहतो.

कुंठित: शेंडा संपला, वारस पुढे

मोगऱ्याची मधली कळी ही फांदीचा शेंडाच असते. ती फुलली की त्या फांदीची वाढ संपली, आता जे काय व्हायचं ते बाजूच्या डोळ्यांतून. म्हणून मोगरा छाटल्याशिवाय भरत नाही. जितकी नवी टोकं तितके झुपके. बहर संपल्यावर फुललेली टोकं दोन-तीन पेरं खाली कापली की प्रत्येकीतून दोन नव्या फुटी निघतात. गुलाबालाही हाच न्याय. जास्वंदीचं वेगळं आहे: तिचं फूल पानाच्या बेचक्यात येतं, शेंडा पुढे चालूच राहतो, त्यामुळे एकच फांदी वाढत वाढत रोज फूल देते. ती मोगऱ्याइतक्या जोमाने दर बहराला कापली तर फुलं वाढत नाहीत, उलट काही आठवडे बंदच होतात.

कुंठित फुलोऱ्याचं शास्त्रीय नाव वल्लरी. मोगऱ्यासारखे दोन्ही बाजूंनी वारस आले तर द्विपाद, एकाच बाजूने आले तर एकपाद. एकपादात प्रत्येक नवं फूल आधीच्याच्या बगलेतून निघत जातं, म्हणून काही वेळा सगळा फुलोरा विंचवाच्या नांगीसारखा वळलेला दिसतो.

याचं सर्वांत उपयोगी उदाहरण म्हणजे टोमॅटो. टोमॅटोच्या खोडावर फुलांचा झुपका पानाच्या बेचक्यात नसतो, दोन पानांच्या मध्ये, खोडाच्या अंगावर कुठेतरी असतो. हे विचित्र वाटतं. घडतं ते असं: शेंडा सात-आठ किंवा अधिक पानं काढून फुलोऱ्यात संपतो. लगेच सर्वांत वरच्या पानाच्या बेचक्यातला डोळा जोर धरतो, फुलोऱ्याला बाजूला ढकलून स्वतः सरळ उभा राहतो आणि आपल्याला तो मूळ खोडच वाटतो. तो तीन पानं काढतो आणि पुन्हा फुलोऱ्यात संपतो. मग पुढचा वारस. उंच वाढणाऱ्या टोमॅटोचं ‘एक खोड’ म्हणजे अशा अनेक वारसांची साखळी असते, आणि म्हणून दर तीन पानांनंतर एक झुपका.

बुटक्या, झुडपी वाणांत ही साखळी तुटते. झुपक्यांमधली पानं तीनावरून दोन, एक अशी घटतात आणि शेवटी एका फुलोऱ्यावर सगळं थांबतं. तिथून पुढे वारस नाही. फळं मात्र एकदम पिकतात.

आता गडबड कुठे होते ते पाहा. शेडनेटमधल्या उंच वाणाची बगलफूट दर आठवड्याला काढून एक खोड ठेवतात, ते बरोबर. तीच सवय झुडपी वाणाला लावली, तर ज्या फांद्यांवर फळं येणार होती त्याच काढल्या जातात आणि मुख्य खोड चार-पाच झुपक्यांनंतर आपोआप थांबतं. उत्पन्न निम्म्यावर येतं आणि दोष रोपवाटिकेला. बियाण्याच्या पाकिटावर वाण उंच वाढणारा की झुडपी हे लिहिलेलं असतं. दोरी-तारेचा खर्च करण्याआधी तेवढी ओळ वाचावी.

ढोबळी मिरचीत खोडाला पहिला फाटा फुटतो त्या बेचक्यात एक फूल असतं. तोही संपलेला शेंडाच. ते पहिलं फूल खुडायला सांगतात, कारण रोप लहान असताना धरलेलं ते एकच फळ सगळं अन्न खाऊन बसतं आणि वरचे फाटे खुरटतात.

शेंडा राखायचा की खर्ची टाकायचा, हे ठरवणारी जनुकंही आता बरीच कळली आहेत. मोहरीच्या कुळातल्या अराबिडॉप्सिस नावाच्या छोट्या रोपात लीफी नावाचं जनुक ‘फूल हो’ म्हणतं आणि टीएफएल-१ हे जनुक शेंड्याच्या मध्यभागी बसून ‘इथे नको’ म्हणतं. टीएफएल-१ बिघडलं की दोन-चार फुलांनंतर शेंड्याचंच फूल होतं आणि दांडा तिथे संपतो, अकुंठितचा कुंठित होतो. झुडपी टोमॅटोत बिघडलेलं जनुक याच टीएफएल-१ च्या कुळातलं आहे.

पोटरी, तुरा, लोंबी

गवताच्या कुळाचं शब्दभांडार शेतकऱ्यांनी आधीच बनवून ठेवलं आहे, आणि ते पुस्तकापेक्षा चोख आहे. कणीस पानाच्या वेष्टणात फुगलेलं असताना पीक ‘पोटरीत’ असतं, बाहेर पडलं की ‘निसवलं’. गव्हाची ओंबी, भाताची लोंबी, ज्वारी-बाजरीचं कणीस, उसाचा तुरा. मक्याला दोन्ही: वर नराचा तुरा आणि पानाच्या बेचक्यात मादीचं कणीस.

इथे वर सांगितलेला खालून वर हा नियम चालत नाही. ज्वारीचं कणीस टोकाकडून खाली फुलत येतं, भाताची लोंबीही वरून खाली, गव्हाची ओंबी मधून सुरू होऊन दोन्हीकडे. कारण दिसणारं कणीस म्हणजे एका दांड्यावरची फुलं नसतात. दांड्याला फाटे, फाट्यांवर कणिशिका आणि कणिशिकेत बारीक फुलं, असा तो अनेक मजल्यांचा प्रकार असतो.

मक्याची मिशी ही नुसती शोभा नसते. प्रत्येक तंतू एका दाण्याचा. कणसाच्या बुडाकडचे तंतू आधी बाहेर येतात, टोकाकडचे शेवटी. त्या दिवसांत पाणी कमी पडलं तर तंतू उशिरा निघतात आणि तोवर वरच्या तुऱ्यातले पराग झडून गेलेले असतात. मग कणसाचं टोक बोडकं राहतं. सोलल्यावर दिसणारी ती दाण्याविना दोन बोटं जागा म्हणजे त्या चार दिवसांची नोंद असते. बाजरीत कुक्षी आधी येतात, पराग नंतर. मधल्या दिवसांत ढगाळ, पावसाळी हवा असेल तर परागाऐवजी अरगटाची बुरशी आधी पोचते आणि कणसावर मधासारखा चिकट स्राव दिसतो.

उसाचा तुरा हे शेंडा संपल्याचं सर्वांत महागडं उदाहरण. तुरा आला की कांडी वाढणं थांबलं. काही आठवड्यांनी बाजूचे डोळे फुटून पांगशा निघतात, कांडीत दशी पडते, म्हणजे ती आतून भुसभुशीत होते, वजन आणि साखर दोन्ही घटतात. म्हणून तुरा आलेला ऊस दोन महिन्यांच्या आत गाळपाला जावा, असं सांगतात.

द्राक्षाची बाळी आणि घड

नाशिक, सांगलीकडच्या बागायतदारांना न सांगताच माहीत असलेली एक गोष्ट वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने फार मोठी आहे. वेलीवर आधाराला गुंडाळणारी बाळी आणि द्राक्षाचा घड एकाच जागी येतात, पानाच्या बरोब्बर समोर. कारण मुळात दोन्ही एकच अवयव आहेत. डोळ्यात सुरुवातीला एक अनिश्चित गाठ तयार होते. तिला सूर्यप्रकाश, ऊब, साठवलेलं अन्न आणि सायटोकायनिन हे संजीवक मिळालं तर ती फाटे फोडत घड बनते. सावली, ढगाळ हवा, नत्राचा मारा आणि त्याने वाढलेलं जिबरेलिन हे दुसरं संजीवक यांनी ती बाळी बनते.

हा निवाडा एप्रिलच्या खरड छाटणीनंतरच्या (नव्या काड्या फुटाव्यात म्हणून ही छाटणी करतात) महिन्या-दोन महिन्यांत डोळ्याच्या आत होतो, दिसतो मात्र ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर. म्हणून ऑक्टोबरात ‘घड जिरले’ म्हणून फवारण्यांची धावपळ करण्यात फारसा अर्थ नसतो. मे-जूनमध्ये फांद्यांची गर्दी झाली होती का, विरळणी वेळेवर झाली का, शेंडा कधी मारला, हे तपासायचं. फळछाटणीआधी काही काड्यांचे डोळे भिंगाखाली कापून पाहिले तर कितव्या डोळ्यात घड आहे ते कळतं आणि त्यानुसार काडी किती लांब ठेवायची ते ठरतं. आंधळेपणाने सगळीकडे एकाच डोळ्यावर कापलं तर कधी कधी घड असलेला डोळाच कचऱ्यात जातो.

जाता जाता: बागेत घडाच्या फाट्यांना ‘पाकळ्या’ म्हणतात. विरळणी करताना ‘इतक्या पाकळ्या ठेवा’ असं कोणी सांगितलं तर ते फुलाच्या पाकळीबद्दल नसतं. द्राक्षाच्या फुलाच्या खऱ्या पाकळ्या टोपीसारख्या एकत्र गळून पडतात, त्या कोणी ठेवू म्हटलं तरी राहत नाहीत.

वेषांतरं

बोगनवेलीचा रंग छदांचा. तीन रंगीत छद, प्रत्येकाच्या मधल्या शिरेला चिकटलेलं एक नळीसारखं फिकट फूल. पॉइन्सेटियाचा लाल रंगही छदांचाच. फुलं मधल्या पिवळट, लहानशा पेल्यांत असतात. त्या चषकात एक मादीफूल, म्हणजे नुसतं किंजपुट, आणि भोवती अनेक नरफुलं, म्हणजे प्रत्येकी एकच पुंकेसर. कुंडी रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात ठेवली तर हिवाळ्यातही ती लाल होत नाही, कारण तिला रोज बारा तासांहून जास्त अखंड अंधार लागतो.

अँथुरियमचा लाल तळवा हा महाछद, म्हणजे अख्ख्या फुलोऱ्याचा एक मोठा छद, फुलं मधल्या दांडीवर. ती खरखरीत होऊन दोन-तृतीयांश रंग बदलली की कापतात, त्याआधी कापली तर मान टाकते. पालघर-रायगडकडे जूनमध्ये मिळणारी शेवळं हा याच कुळातला न उघडलेला फुलोरा. निवडताना आतल्या दांडीचा पिवळसर भाग काढून टाकतात आणि काकड या आंबट रानफळांचा रस घालतात. अळवासारखीच सुईसारखी ऑक्झलेटची स्फटिकं यात असतात, घसा खाजतो तो त्यांनी.

केळफुलाचा प्रत्येक जांभळा पापुद्रा हा छद आणि त्याखालच्या दोन ओळी म्हणजे एक फणी. सुरुवातीच्या छदांखाली मादीफुलं असतात, त्यांची केळी होतात. त्यानंतर येतात ती नरफुलं; त्यांचं काही होत नाही, पण शेंडा मात्र वाढतच राहतो. म्हणून शेवटची फणी सुटली की खाली लोंबणारं केळफूल कापून काढतात, अन्न घडाला मिळतं आणि घरात भाजी होते. भाजीसाठी प्रत्येक फुलातली ताठ काडी आणि पारदर्शक पापुद्रा काढायचा तो शिजत नाही म्हणून. आणि चिरलेलं ताकाच्या पाण्यात टाकायचं, नाही तर काळं पडतं.

‘उंबराचं फूल’ म्हणजे कधी न दिसणारा माणूस. ते उंबराच्या आतच असतं. स्तबकाची थाळी कडेने वर उचलून तिचं तोंड आवळून घेतलं, की कुंभासनी तयार होते, फुलं आतल्या भिंतीला. तोंडाच्या सूक्ष्म छिद्रातून शिरणारी चिमुकली गांधीलमाशी पराग पोचवते आणि आतच अंडी घालते. पुरंदरच्या अंजिराला मात्र परागणाची गरज नसते, ते तिच्याविना पिकतं. फणस तर अख्खा फुलोराच: एक गरा म्हणजे एक फूल, आणि गऱ्यांमधले चिवट तंतू ही न फळलेली फुलं.

मिश्र प्रकार, आणि फ्लॉवर

आता तुळशीची मंजिरी जवळून पाहा. एकूण दांडा खालून वर फुलतो, म्हणजे अकुंठित. पण प्रत्येक मजल्यावर समोरासमोर तीन-तीन अशी सहा फुलं असतात आणि प्रत्येक तिघांत मधलं आधी उमलतं, मोगऱ्यासारखं. बाहेरून अकुंठित, आतून कुंठित. कांद्याच्या गोंड्याचंही असंच: दिसायला छत्री, प्रत्यक्षात अनेक छोट्या वल्लरींची मोळी. म्हणून तो कडेकडून आत असा शिस्तीत फुलत नाही, कुठूनही फुलतो आणि बी एकदम पिकत नाही. बियाण्याचे गोंडे दोन-तीन वेळा फिरून काढावे लागतात ते यामुळे. तुळशीच्या मंजिऱ्या कोवळ्या असताना खुडायच्या त्याही शेंड्यासाठीच. त्या बियांवर गेल्या की पानं बारीक होतात आणि खोड काष्ठ होतं.

सगळ्यांत चमत्कारिक भाजीच्या पाटीत असतो: फ्लॉवर. त्याचा पांढरा गड्डा ना पान, ना फूल. शेंडा फूल व्हायला निघतो आणि ते जमत नाही, म्हणून पुन्हा शेंडा होतो. त्याच्या बाजूला निघालेल्या कळ्यांचंही तेच होतं, त्यांच्या बाजूच्यांचंही. असे लाखो अर्धवट शेंडे एकमेकांवर चढून गड्डा बनतो. २०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात फ्रेंच संशोधकांच्या गटाने ही साखळी जनुकांच्या पातळीवर दाखवली: फूल होण्याचा हुकूम क्षणभर मिळतो, पण तो टिकवणारी जनुकं बिघडलेली असतात. त्या एका झलकेनेच शेंड्याचा स्वभाव बदलतो आणि तो पानं न काढता नुसते फाटे फोडत सुटतो. ब्रोकोली याच्या पुढच्या टप्प्याला थांबते, तिचे हिरवे दाणे ही खऱ्या कळ्या आहेत.

गड्डा वेळेत काढला नाही, ऊन चढलं, की तो सैल पडून भाताच्या शितांसारखा फुटतो आणि बाजारात किंमत जाते. तसाच शेतात ठेवला तर बहुतेक शेंडे कुजतात. काही मोजके मात्र लांबतात, आणि त्यांच्यावर चार पाकळ्यांची पिवळी फुलं येतात, खालून वर.